बेचाळीस हातांचा दोर

शांतवनबाबांचा मुक्काम कोणत्याही गावी फार दिवस नसे. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी आणि झोळीत कापडात गुंडाळलेले पवित्र शास्त्र, एवढाच त्यांचा संसार. मुळा नदीच्या काठची गावे ते पायी फिरत. झाडाखाली, ओट्यावर, जिथे चार माणसे जमतील तिथे प्रभू येशूचे भजन करीत आणि शास्त्रातला एखादा भाग समजावून सांगत. परंतु धामणवाडीला आले की बाबांचा पाय तिथून लवकर निघत नसे. तिथल्या ख्रिस्तवस्तीत अवघी बेचाळीस घरे. मधोमध दगडी भिंतींचे लहानसे मंदिर, मंदिराला लागून दोन खोल्यांची शाळा आणि मागच्या अंगाला बिनपायऱ्यांचा, अरुंद, अतिशय खोल आड. भरदिवसा वाकून पाहिले तरी तळ दिसत नसे. बावन्न हात, असे जुनी माणसे सांगत.

या वस्तीच्या टोकाला तान्हाबाई वैरागर राहत असे. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. ओढ्याकाठचे घायपात कापून आणायचे, पाने पाण्यात कुजवायची, बडवून त्यांचा वाख काढायचा आणि त्या वाखाचे दोर वळायचे, हा तिचा पिढीजात धंदा. तिला अक्षर वाचता येत नव्हते. पण बुधवारच्या बाजारात तिचा दोर कोणी ओढून पाहत नसे. तान्हाबाईचा आहे एवढे कळले की माणूस खांद्यावर टाकून चालू लागे. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

"माझ्या दोरानं बांधलेला बैल सुटला, असं कुणी येऊन सांगावं," ती म्हणायची. अजून तरी कोणी सांगितले नव्हते.

वस्तीत तिला मान देणारे पुष्कळ होते. एकच माणूस तिला पाहून कपाळाला आठ्या घाली. ते म्हणजे शाळेचे शिलास मास्तर. सहा वर्षांपूर्वी ते जालन्याकडून बदलून आले होते. उन्हाळ्यातही अंगात कोट. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, एरवी मंदिरातला उपदेश मास्तरच करीत. विद्वान माणूस, वाणी शुद्ध, स्वभाव करारी. पण मंदिराच्या वाटेवर तान्हाबाईच्या अंगणात पसरलेला वाख त्यांच्या डोळ्यांत खुपे.

"तान्हाबाई, आता आपण ख्रिस्ती झालो," ते म्हणत. "हे जुनं वळणंबिळणं सोडा की. येणारे-जाणारे बघतात. आपल्याला काय समजत असतील?"

"दोर वळणारी समजत असतील, मास्तर," ती म्हणे आणि पुन्हा पीळ घालू लागे.

एका डिसेंबरात मास्तरांनी यिर्मया संदेष्ट्यावर उपदेश केला. राजाच्या सरदारांनी त्या संदेष्ट्याला एका हौदात सोडले, हौदात पाणी नव्हते, नुसता गाळ होता, आणि यिर्मया त्या गाळात रुतला. मग राजवाड्यातल्या एका कूशी, म्हणजे कूश देशाच्या, चाकराने राजाची परवानगी घेऊन त्याला दोरांनी वर काढले. मास्तरांनी त्या काळचे राजे सांगितले, सनावळी सांगितली, फळ्यावर नकाशा काढला. तास कसा गेला कळले नाही. उपासना सुटल्यावर मंडळी बाहेर उभी असता तान्हाबाई पुढे झाली.

"मास्तर, त्यात चिंध्यांचं काहीतरी हाय ना? मागं बाबांनी वाचलं व्हतं. ते तुम्ही सांगितलंच न्हाई."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिले आणि हसून म्हणाले, "चिंध्या! एवढ्या मोठ्या संदेष्ट्याच्या चरित्रात तुम्हाला चिंध्याच सापडल्या होय, तान्हाबाई?"

सगळे हसले. तान्हाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती पदर सावरून निघाली, तोच लिंबाखाली बसलेल्या शांतवनबाबांनी तिला हाक मारली. बाबा आदल्या दिवशीच गावात आले होते.

"माय, इकडे ये. काय म्हणत होतीस तू?"

"काही न्हाई, बाबा. आडाणी बाई मी."

"आडाणी बाईचंच ऐकायचं आहे मला. सांग."

तान्हाबाई खाली बसली. "बाबा, त्या चाकरानं दोर सोडायच्या आदी जुनी फडकी सोडली न्हवं? काखेत फडकी घे, मंग त्यावर दोर घे, असं म्हनला. आवो, अंगाचा भार दोरावर आला की काख सोलून निघती. ज्यानं दोर हाताळलाय त्यालाच ही गोष्ट सुचती. त्या मानसाला दोराची माहिती व्हती, एवढंच मला म्हनायचं व्हतं."

बाबांनी झोळीतून शास्त्र काढले, तो भाग उघडला आणि सावकाश वाचला.

"तीस वर्षं मी हे वाचतो आहे," बाबा म्हणाले, "आणि आज मला ते कळलं. देव माणसाला गाळातून काढतो तो असा काढतो! नुसतं ओढत नाही. कुठे टोचेल याचीही काळजी करतो. आणि माय, तो दोर कुणी वळला असेल गं? कूशी चाकराने आणला, पण वळला कुणी? त्याचं नाव शास्त्रात नाही. देवाला मात्र ते ठाऊक असणार."

हे ऐकताच तान्हाबाईची पाठ ताठ झाली. आपला धंदा शास्त्रात आहे, हे तिला आजवर कोणी असे सांगितले नव्हते.

उठता उठता ती म्हणाली, "बाबा, एक इचारू? मला प्रार्थना करता येत न्हाई. मास्तर अर्धा अर्धा घंटा करत्यात. माझी दोन शब्दांत संपती."

"दोर केवढा वळतेस?"

"मागाल तेवढा."

"मग दोरच वळ. हातभर वळलास की एका घराचं नाव घे. त्या घराला सांभाळ बाबा, असं देवाला म्हण आणि पुढच्या हाताला लाग. झाली प्रार्थना."

तान्हाबाईला ही गोष्ट फार आवडली. फेब्रुवारीत हंगामाचा सण येणार होता. त्या दिवशी शेतकरी पहिले धान्य, पहिली भाजी देवापुढे आणून ठेवत. आपण आपल्या हातचा दोर ठेवायचा, असे तिने ठरवले. तिने वाखातला सगळ्यात लांब, सगळ्यात पांढरा धागा निवडला आणि नाताळ होताच बसली वळायला. एक हात, एक घर. कोणाची गाय आजारी, कोणाची लेक बाळंतपणाला आलेली, कोणी मुंबईला जाऊन कळवायचे विसरलेला. तिला सगळी घरे पाठ होती. महिन्याभरात एकेचाळीस हात झाले. उरले एकच घर, शाळेची मागची खोली. तिथे मास्तर राहत.

तान्हाबाईचा हात थांबला. दोन दिवस दोर तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी ती बाबांकडे गेली.

"बाबा, एकेचाळीस हाताचा दोरबी चांगला दोर असतो."

"असतो की," बाबा म्हणाले. "पण मग एक घर राहिलं."

"त्यो मानूस मला चारचौघांत हसला."

"हसला खरा." बाबा म्हणाले. "माय, प्रभूला खिळे ठोकणाऱ्यांसाठी प्रभूने प्रार्थना केली, तेव्हा त्याचे हात खिळलेले होते. तुझे तर मोकळे आहेत."

तान्हाबाई उठली. घरी आली आणि दात आवळून बसली. बेचाळिसावा हात वळताना तिने मास्तरांचे नाव घेतले. पहिल्यांदा घेतले ते नुसते तोंडाने, तिलाच ते पटले नाही. तिने पीळ उलगडला आणि तो हात पुन्हा वळला. असे तीनदा झाले. मग कुठे तिने शेवटची गाठ मारली.

हंगामाच्या सणाला मंदिर भरून गेले. ज्वारीची कणसे, हरभऱ्याचे ढाळे, भोपळे, कोंबड्या. तान्हाबाईने नवे लुगडे नेसून दोराचे मोठे वेटोळे डोक्यावरून आणले आणि पुढे ठेवले. मास्तर अर्पणे रचून ठेवत होते. त्यांचा हात थबकला.

"हे काय?"

"माझं पैलं पीक, मास्तर."

"बाई, दोर गुरांना बांधतात," मास्तर मोठ्याने म्हणाले, "देवाला नाही!" आणि त्यांनी ते वेटोळे उचलून दाराबाहेर पायरीवर नेऊन ठेवले.

तान्हाबाई जागच्या जागी उभी राहिली. डोळ्यांत पाणी आले, पण तिने ते खाली पडू दिले नाही. इतक्यात शांतवनबाबा मागच्या बाकावरून उठले. पायरीवर गेले, वेटोळे आपल्या खांद्यावर घेतले, भरल्या मंदिरातून चालत पुढे आले आणि व्यासपीठामागच्या खुंटीला त्यांनी ते टांगले. मास्तरांकडे त्यांनी पाहिलेही नाही. फक्त म्हणाले, "घरातल्या वस्तू घरात असाव्यात." मास्तरांचा चेहरा लाल झाला, पण बाबांपुढे बोलण्याची त्यांची छाती झाली नाही.

पुढे मे महिना आला. शांतवनबाबाही फिरून गावात आले होते. आडाचे पाणी आटले, तळाशी नुसता गाळ राहिला. गाळ काढायचे ठरले. मास्तरांनी त्यासाठी शहरातून एक चकचकीत दोर आणवला होता आणि तो रहाटावरून आडात सोडला होता. सकाळचे दहा वाजले असतील. तळ किती आटला ते पाहावे म्हणून मास्तर आडावरच्या फळीवर चढले. बार्नबा सुतार ओरडला, "मास्तर, फळीला वाळवी लागलीय!" पण मास्तर कोणाचे ऐकणार! फळी कडाडली. मास्तरांनी पडता पडता रहाटाचा दोर पकडला, त्याला धरून घसरत अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि तिथे तो नवा दोर तटकन तुटला.

खालून धप्प असा आवाज आला. मग काही क्षणांनी मास्तरांची हाक. "जिवंत आहे! गाळात आहे! कमरेपर्यंत रुतलोय!"

सगळी वस्ती धावली. मळ्यातल्या मोटेचा मोठा नाडा, तो जाडजूड दोर, कोसभर दूर होता, तो आणायला दोघे पळाले. कोणी दावी-कासरे गोळा करायला घरोघर गेले. खालून आवाज येत होता आणि दर वेळी तो लहान होत होता. "छातीपर्यंत आला... हलता येत नाही..." बार्नबाने वाकून पाहिले आणि तो मागे सरला. नाडा येईपर्यंत काही खरे नव्हते.

शांतवनबाबा मंदिरातून बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर तान्हाबाईचे वेटोळे होते.

"बाबा, आड बावन्न हात," बार्नबा रडकुंडीला येऊन म्हणाला. "हा बेचाळीस. वर धरायलाच चार हात जातील. पुरणार नाही!"

"पुरवणारा निराळा आहे, बार्नबा." बाबांनी वेटोळे तान्हाबाईच्या पायाशी ठेवले. "माय, दोर तुझा. तू सोड."

तान्हाबाईला हसणारे ते तोंड आठवले का? आठवले. पण ते क्षणभरच. खालून येणारा आवाज आता लेकराच्या आवाजासारखा झाला होता. तिने दोराच्या टोकाला न आवळणारा फास घातला. "बाबा, कापड!" बाबांनी आपले उपरणे काढून मधोमध फाडले आणि तिच्या हाती दिले. तिने ते फासाला बांधले, दोर रहाटावर टाकला आणि सोडायला लागली.

हात सवयीचा होता. एक हात सुटला की एक नाव तोंडात येई. गाय आजारी असलेले घर. लेक बाळंत झालेले घर. मागे मंडळी प्रार्थना करू लागली. वीस. तीस. दोर खाली चालला होता. चाळीस. एकेचाळीस. तिच्या कपाळावर घाम आला. बेचाळिसावा हात तिच्या मुठीत आला आणि ती म्हणाली, "शिलास मास्तर." आता यापुढे काही नाही, हे तिला पक्के माहीत होते. स्वतःच्या हाताने तिने शेवटची गाठ मारली होती.

पण मूठ रिकामी झाली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "नावं संपली."

"मग तेच नाव घे, माय. थांबू नकोस."

"शिलास मास्तर," ती म्हणाली आणि हातभर दोर सोडला. "शिलास मास्तर." आणखी एक हात. "देवा, शिलास मास्तर!" तिच्या पायाला वेटोळ्याचा वाख टोचत होता. दोर होता! अजून होता! मागची प्रार्थना थांबली, माणसे नुसती पाहत राहिली. बार्नबाने डोक्यावरचे पागोटे काढले. तान्हाबाईच्या तोंडी एकच नाव आणि प्रत्येक नावाला एक हात. आता त्या नावात तिचा राग कुठेच नव्हता.

"लागला!" खालून आवाज आला. "हाताला लागला!"

"मास्तर!" तान्हाबाई आडात वाकून ओरडली. "आदी काखंत कापड घ्या! मंग दोर! ऐकलं का? आदी कापड!"

थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग खालून आवाज आला. "घेतलं, माय! आधी कापड घेतलं!"

माय! मास्तरांनी तिला पहिल्यांदाच माय म्हटले होते.

"ओढा रे!" बाबा म्हणाले. बार्नबा, त्यामागे दहा-बारा गडी, बायका, आणि सगळ्यात पुढे, रहाटाशी, तान्हाबाई. गाळ माणसाला सोडत नव्हता. दोर कुरकुरला, ताणला, त्यातून गाळाचे पाणी निथळू लागले, पण एक धागा सुटला नाही. तान्हाबाईचे तळवे सोलवटले तरी तिने पकड ढिली केली नाही. शेवटी चिखलाने काळे झालेले डोके कठड्यावर आले आणि सगळ्यांनी मिळून मास्तरांना आडाबाहेर घेतले.

बार्नबाला राहवले नाही. त्याने दोर जमिनीवर पसरला आणि हाताने मोजला. बेचाळीस. पुन्हा मोजला. बेचाळीस. तो तिथेच मातीत बसला आणि दोन्ही हात जोडून रडू लागला. देवाची करणी! धामणवाडीने ती आपल्या डोळ्यांनी पाहिली.

मास्तर धडपडत उठले आणि शांतवनबाबांच्या पायांवर कोसळले. बाबा झटकन मागे सरले.

"माझ्या पाया पडू नका, मास्तर. मीही तुमच्यासारखाच माणूस. देवाचे आभार माना. आणि ज्या हातांनी दोर सोडला त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणा."

मास्तर गुडघ्यांवरच तान्हाबाईकडे वळले. तिचे हात त्यांनी आपल्या चिखलाच्या हातांत घेतले, तळवे उलटे केले आणि पाहतच राहिले. सोललेली कातडी, तिच्याखाली वर्षांचे घट्टे.

"माझ्या आईचे तळवे असेच आहेत," ते म्हणाले.

कोणाला काही कळेना.

"माझी आई दोर वळते," मास्तर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दोर विकून तिनं मला बोर्डिंगात घातलं. एकदा भेटायला आली, डोक्यावर वाखाचा भारा होता. मुलांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, गावाकडची मोलकरीण. तिनं ते ऐकलं. काही बोलली नाही. शेंगदाण्याचे लाडू आणले होते, ते ठेवले आणि गेली." त्यांनी तान्हाबाईकडे पाहिले. "तुम्हाला पाहिलं की मला ती दिसायची, तान्हाबाई. म्हणून मी... म्हणून तुमचा दोर बाहेर ठेवला."

मास्तरांनी कपाळ तिच्या पायांवर टेकले. कोट घालून ताठ मानेने चालणारा तो माणूस सगळ्या वस्तीसमोर, भर उन्हात, चिखलाने माखून दोर वळणाऱ्या बाईच्या पायाशी वाकला होता.

तान्हाबाई गोंधळली. मग तिने विचारले, "आई हाय का तुमची?"

"आहे. सहा वर्षांत गेलो नाही."

"मंग हितं काय बसलात, मास्तर? उठा की!"

मास्तरांनी अंघोळ केली आणि दुपारच्याच गाडीने ते निघाले. नऊ दिवसांनी, रविवारी, उपासनेची घंटा होत असता मंदिरापुढे एक बैलगाडी थांबली. मास्तरांनी पाठीत वाकलेल्या एका म्हातारीला हात देऊन उतरवले. सुंद्राबाई तिचे नाव. इतकी माणसे पाहून ती बुजली आणि मागच्या बाकाकडे वळली, पण मास्तरांनी तिला धरून अगदी पुढे आणले आणि तान्हाबाईशेजारी बसवले. शांतवनबाबा त्या दिवशी पुढच्या गावी जायचे होते, ते थांबले.

शास्त्रपाठ वाचण्याआधी मास्तर व्यासपीठावर उभे राहिले. सहा वर्षे त्या जागेवरून त्यांनी मोठमोठे उपदेश केले होते. आज त्यांना शब्द जुळवावे लागत होते.

"मंडळी," ते म्हणाले, "ही माझी आई. हिचं नाव सुंद्राबाई. ही दोर वळते."

त्यांची मान ताठ होती. असा ताठपणा धामणवाडीने त्यांच्यात आधी कधी पाहिला नव्हता. मग ते व्यासपीठावरून खाली उतरले, भरल्या मंदिरात आईच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर डोके ठेवले.

म्हातारी घाबरली. इकडेतिकडे पाहत तिने त्यांच्या खांद्याला हात लावला.

"ऊठ रं लेकरा," ती हळूच म्हणाली. "लोक बघत्यात."

"बघू दे, आई," मास्तर म्हणाले.